अपुऱ्या बोलीची निवड

बावन्न पानांतून एका खेळाडूच्या वाट्याला जी तेरा पाने येतात त्यांच्या निरनिराळ्या जुळण्या गणिती हिशेबाने ६,३५,०१,३५,५९,६०० इतक्या होतात. आणि या अफाट संख्येपैकी आपल्या हाती आलेली नेमकी एक जुळणी समोर बसलेल्या भिडूस कळविण्यासाठी ब्रिजच्या खेळाने जी शब्दसंपत्ती दिली आहे ती मोजू जाता, एक किलवरपासून सात बिनहुकुमापर्यंतच्या ३५ बोल्या आणि त्यांच्या जोडीला पास, डबल व रिडबल, अशा अवघ्या ३८ उद्गारांपलीकडे ती जात नाही. इतक्या तोकड्या शब्दकोशातून इतका विस्तीर्ण आशय व्यक्त करावयाचा म्हटल्यावर प्रत्येक बोली काही ना काही सांगावयाचे राहून जाणारी, क्वचित किंचित असत्य बोलणारी, अशीच असणार हे उघड आहे. तेव्हा बोली अपुरी आहे की नाही हा वादाचा विषयच नव्हे. अनेक अपुऱ्या बोल्यांतून कोणती पत्करावी एवढाच वाद उरतो, आणि तो सर्वांत तीव्र होतो तो भिडूने डाव उघडल्यावर आणि मधल्या प्रतिपक्षाने आपल्या रंगाची बोली आडवी घातल्यावर. या आडव्या बोलीला सर्वत्र ओव्हरकॉल म्हणतात. तिच्यानंतर काय बोलावे याविषयी गेल्या शंभर वर्षांत जे विचार झाले, जी साधने निर्माण झाली आणि त्या साधनांनीच जे नवे पेच उत्पन्न केले, त्यांचा हा आढावा आहे.

डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत ब्रिज हा काही घरोघर चालणारा खेळ नव्हे. डहाणू रोडपासून चर्चगेटपर्यंतचे सव्वाशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर रोज तोडणाऱ्या नोकरदारांच्या डब्यात, मांडीवर बॅग आडवी टाकून, जे पत्ते पडतात ते बहुधा मेंढीकोटाचे नाही तर रमीचे असतात, आणि चिकूच्या वाड्यांतील ओट्यांवर सुट्टीच्या दुपारी कोणी बोलीचा डाव मांडलाच तर तो तीनशेचारचा. परंतु ज्याला तीनशेचार येतो त्याला ब्रिजचे दार निम्मे उघडलेलेच आहे असे मी समजतो. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २ असा हिशेब करून एका रंगाचे ७६ व चारही रंगांचे मिळून ३०४ गुण ज्याने मनातल्या मनात मांडले, समोरच्या भिडूच्या भरवशावर बोली चढविली आणि प्रतिपक्षाने ती आणखी चढविताच सोडावी की ओढावी या विवंचनेत क्षणभर छताकडे पाहिले, त्याला ब्रिजमधील बोलीचा ताण परका वाटण्याचे कारण नाही. फरक आहे तो बोलीच्या प्रकृतीत. तीनशेचारात बोलणारा आपल्या हुकमाचे पान पालथे घालून ठेवतो. ब्रिजमध्ये हुकमाचा रंग हाच बोलीचा अर्धा भाग असतो. वनखात्याच्या कूपांचे लिलाव या भागाला अपरिचित नाहीत. तेथे व्यापारी जी बोली करतो ती निव्वळ किंमत असते, आणि ब्रिजमधील बोली मात्र किंमत तर असतेच, शिवाय ती भिडूला लिहिलेली, पण चारचौघांत मोठ्याने वाचली जाणारी चिठ्ठीही असते.

पुढील विवेचनापुरते इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे, की रंगांची चढती श्रेणी किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकूम अशी आहे. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ व गुलामाचा १ असे धरून गड्डीत ४० पॉइंट होतात. साधारणतः १२-१३ पॉइंटांवर डाव उघडतात आणि दोघा भिडूंचे मिळून २५-२६ झाले म्हणजे गेम, म्हणजे तीन बिनहुकूम किंवा बदाम-इस्पिकचे चार, पुरा होण्याची आशा धरता येते. बदाम व इस्पिक यांना मेजर आणि किलवर व चौकट यांना मायनर म्हणतात, कारण मायनरमध्ये गेमसाठी तेरापैकी अकरा हात करावे लागतात आणि ते सहसा कोणी पत्करीत नाही. आपल्या प्रश्नाची निम्मी उकल या एका भेदात दडलेली आहे, हे पुढे दिसेल.

हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ च्या नोव्हेंबरात, ‘फिनलंड’ नावाच्या बोटीवरून पनामा कालव्याच्या वाटेने प्रवास करीत असताना, सोबत्यांसह गुणलेखनाची जी नवी रीत चालवून पाहिली तिच्यातून आजचा काँट्रॅक्ट ब्रिज जन्मला. तत्पूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली एकाची केली आणि हात चारचे झाले तरी ते सारे गेमच्या खाती जमा होत; नव्या रीतीने असे ठरविले की जेवढे बोलीत कबूल केले तेवढेच गेमच्या खाती पडेल. या एका तजविजीने बोलीचे सारे महत्त्व पालटले, कारण आता भिडूच्या पानांचा अदमास घेऊन योग्य त्या पायरीपर्यंत चढणे भाग पडले आणि बोली ही माहितीची देवघेव झाली. एली कल्बर्टसन यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या ‘ब्ल्यू बुक’ने या देवघेवीला शास्त्राचे रूप दिले. तथापि त्या काळच्या शास्त्रात प्रतिपक्षाच्या आडव्या बोलीवर म्हटलेल्या डबलचा अर्थ सरळ होता: तुम्ही बुडणार, दंड भरा. आणि ज्याच्याजवळ दंड वसूल करण्याजोगी पाने नसत, त्याने काही बोलायचेच तर त्याच्याजवळ नेहमीपेक्षा थोडे अधिक बळ असले पाहिजे असा दंडक होता. कारण मध्ये बोली पडल्यामुळे भिडूला बोलण्याची पाळी पुन्हा येणारच, मग सक्ती नसताना जो तोंड उघडतो त्याने ते काहीतरी जवळ असल्यानेच उघडले असे मानणे न्याय्य होते.

हा दंडक तर्कशुद्ध होता, पण त्याने मुक्या खेळाडूंचा एक मोठा वर्ग निर्माण केला. सात-आठ पॉइंट आणि बदामाची चार पाने घेऊन बसलेला मनुष्य, भिडूच्या एक किलवरवर प्रतिपक्षाने एक इस्पिक म्हणताच, अक्षरशः निःशब्द होई. दोन बदाम म्हणण्याइतके ना त्याच्याजवळ बळ, ना लांबी. या कोंडीवर आल्विन रॉथ व टोबायस स्टोन या अमेरिकन जोडीने जो उपाय १९५७ च्या सुमारास पुढे आणला त्याला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अवकाशात गेलेल्या रशियन उपग्रहावरून, लोक ‘स्पुटनिक’ म्हणू लागले. आज त्याला निगेटिव्ह डबल म्हणतात. आडव्या बोलीवरचे डबल दंडाचे न मानता, ज्या रंगांची नावे अद्याप घेतली गेली नाहीत, विशेषतः न बोललेला मेजर, ते माझ्याजवळ आहेत, एवढा त्याचा अर्थ. कोंडी फुटली, यात शंका नाही. भिडूच्या एक किलवरवर एक इस्पिकची आडवी बोली पडली म्हणजे एक चौकट, एक बदाम व एक इस्पिक या तीन पायऱ्या हातच्या जातात. त्यांच्या बदली डबल हा एक नवा शब्द आणि प्रतिपक्षाच्याच रंगात दोनची बोली हा दुसरा, असे दोन शब्द पदरात पडतात. आडव्या बोलीने आपले काही हिरावले जाते एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. ती काही देऊनही जाते, याची नोंद घेणारे थोडे.

निगेटिव्ह डबलचे सुबोध उदाहरण प्रथम पाहू. त्याच एक किलवर व एक इस्पिकनंतर आपल्याजवळ इस्पिकमध्ये सत्ती-तिर्री, बदामात राजा-राणी-नव्वी-अठ्ठी-पंजी, चौकटीत गुलाम-छक्की-चौकी आणि किलवरमध्ये राणी-अठ्ठी-दुर्री अशी पाने आहेत, पॉइंट आठ. दोन बदाम म्हणावे तर ती बोली दहाच्या पुढच्या बळाचे वचन देते, म्हणून डबल म्हणावे. बदामाची चार सांगितली, आहेत पाच. हे असत्य सौम्य आहे, कारण ते भिडूला फसवीत नाही, फक्त एक सुखद गोष्ट लपविते. असे प्रश्न अवघड म्हणता येत नाहीत.

खरा पेच पुढचा. भिडू एक चौकट म्हणतो, प्रतिपक्ष एक इस्पिक, आणि आपल्याजवळ आहे इस्पिकमध्ये अठ्ठी-चौकी-दुर्री, बदामात राजा-सत्ती-तिर्री, चौकटीत गुलाम-पंजी व किलवरमध्ये राजा-राणी-नव्वी-छक्की-चौकी. एकूण नऊ पॉइंट. आता एकेक बोली घेऊन तिची कैफियत ऐकावी. एक बिनहुकूम म्हणावे तर इस्पिकमध्ये प्रतिपक्षाला अडविणारे, खेळाडू ज्याला स्टॉपर म्हणतात ते, एकही पान नाही. दोन चौकट म्हणून भिडूला पाठिंबा द्यावा तर पाने दोनच. डबल म्हणावे तर बदामाची चार कबूल केल्यासारखे होते, आहेत तीन. दोन किलवर म्हणावे तर रंग खरा, पाच पाने खरी, पण वचन दहा पॉइंटांचे आणि शिल्लक नऊ. पास म्हणावे तर एकही शब्द खोटा नाही. मात्र भरल्या हाताने गप्प बसल्याचा दोष येतो, आणि डावीकडच्या प्रतिपक्षाने दोन इस्पिक म्हणून भिंत उभी केली, तर सामान्य पानांचा भिडूही गप्प बसेल आणि डाव आपला असूनही दुसऱ्याच्या नावावर चढेल.

या पानांवर डबल म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे असे की बदामात राजासह तीन पाने म्हणजे जवळजवळ चारच. हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण पुढच्या खेळात आहे. भिडूजवळ बदामाची चार असून तो दोन बदाम म्हणाला, की चार आणि तीन अशा सात हुकमांवर डाव ठरला. प्रतिपक्ष इस्पिक खेळत राहणार, आणि इस्पिकची तीन किरकोळ पाने आपल्याजवळ असल्यामुळे आपल्या तोकड्या बाजूच्या हुकमांनी इस्पिक कापण्याची सोय नाही. कापण्याचा प्रसंग येईल तो दोनच इस्पिक असलेल्या भिडूवर, म्हणजे चार हुकमांच्या लांब बाजूवर. प्रत्येक कापणीने लांब बाजू झिजते आणि एक वेळ अशी येते की प्रतिपक्षाचे हुकूम आपल्यापेक्षा अधिक उरतात. आपल्याजवळ इस्पिकची दोनच पाने असती, तर डबलचे पारडे जड झाले असते, कारण मग तीन हुकमांची तोकडी बाजू कापू लागली असती आणि चारची बाजू शाबूत राहिली असती. म्हणजे डबलातील खोटेपणा किती पानांचा आहे एवढेच पाहून भागत नाही. तो खोटेपणा खरा मानून भिडू जेथे पोहोचेल तेथे उरलेली पाने काय करतील हे पाहावे लागते. या पानांवर मी दोन किलवर म्हणेन. असत्य एका पॉइंटाचे आहे, राजा-राणीने भक्कम झालेला रंग त्याची भरपाई करतो, आणि भिडू दोन चौकट म्हणून मागे परतला तर मी तेथेच पास म्हणून थांबेन.

दुसरा पेच मेजर-मायनरच्या भेदाचा. भिडू एक बदाम म्हणतो (त्यात पाच पाने गृहीत आहेत), प्रतिपक्ष दोन किलवर. आपल्याजवळ इस्पिकमध्ये एक्का-सत्ती-चौकी, बदामात राणी-छक्की, चौकटीत राजा-गुलाम-अठ्ठी-चौकी आणि किलवरमध्ये नव्वी-सत्ती-पंजी-तिर्री. दहा पॉइंट आहेत, म्हणजे गप्प बसणे गैर. पण डबलला इस्पिकची चार हवीत, दोन बदामांना बदामाची तीन, दोन चौकटींना चौकटीची पाच, दोन बिनहुकुमाला किलवरचा स्टॉपर. प्रत्येक बोलीत एकेक पान किंवा एक स्टॉपर उणा. अशा समयी जाणत्या खेळाडूंची वहिवाट अशी पडली आहे की खोटे बोलायचेच तर मायनरविषयी बोलावे, आणि मला ती वहिवाट मान्य आहे. इस्पिकची चार आहेत असे भिडूला भासविले आणि त्याच्याजवळ बळकट पाने व इस्पिकची चार असली, तर तो एका उडीत चार इस्पिकपर्यंत जाईल, कारण मेजरमध्ये गेम जवळ असतो आणि भिडू तो घेण्याची वाटच पाहत असतो. उलट चौकटीची पाच असल्याचे भासविले, तरी पाच चौकटींपर्यंत धावत जाणारा भिडू विरळा. तो दोन बदाम म्हणेल, किलवर अडवीत असेल तर बिनहुकुमाकडे वळेल, आणि या दोन्ही ठिकाणी आपल्या चौथ्या-पाचव्या चौकटीचा हिशेब कोणी मागत नाही. ज्या असत्याची वसुली क्वचितच होते ते स्वस्त असत्य. म्हणून येथे दोन चौकट.

तिसऱ्या पेचात बळाचा तुटवडा नाही, तरीही अडचण आहे. पुन्हा एक चौकट व एक इस्पिक. आपल्याजवळ इस्पिकमध्ये सत्ती-पंजी-दुर्री, बदामात एक्का-गुलाम-छक्की, चौकटीत राजा-नव्वी-चौकी, किलवरमध्ये एक्का-राणी-अठ्ठी-तिर्री. चौदा पॉइंट, म्हणजे गेम बहुतेक ठरलेलाच, आणि तो तीन बिनहुकुमातच निघेल, जर भिडूजवळ इस्पिकचा स्टॉपर असेल तर. ताबडतोब दोन इस्पिक, म्हणजे प्रतिपक्षाच्याच रंगाची बोली, म्हणणारे खेळाडू बळ बरोबर सांगतात, पण त्या बोलीत चौकटीचा पाठिंबाही गृहीत धरला जातो आणि तो आपल्याजवळ एका पानाने उणा आहे. दोन किलवर म्हणणारेही एका पानाने खोटेच बोलतात. दोन्ही असत्ये मायनरची, दोन्ही एकेका पानाची. मग निवड कशावरून करावी? जागेवरून. दोन किलवर ही त्या पातळीवरची सर्वांत खालची पायरी आहे. तिच्यानंतर भिडू दोन चौकट म्हणाला, तर दोन इस्पिकची बोली करून स्टॉपरची विचारणा करण्यास अवकाश उरतो, आणि तोवर भिडूने आपल्या पानांविषयी एक वाक्य अधिक सांगितलेले असते. उंच पायरीवरून बोललेले असत्य सुधारता येत नाही, कारण सुधारणेला शब्दच उरत नाहीत. नवशिके याच्या नेमके उलट वागताना दिसतात: पाने जितकी गोंधळात टाकणारी, तितकी त्यांची उडी मोठी.

आता पासविषयी, कारण या सर्व चर्चेत त्याची सर्वाधिक उपेक्षा होते आणि सर्वाधिक दुरुपयोगही त्याचाच होतो. आडवी बोली पडली नसती तर सहा पॉइंटांवरही उत्तर देणे कर्तव्य ठरले असते, कारण आपण थांबलो की डाव तेथेच थांबण्याचे भय. आडव्या बोलीने ते भय नाहीसे केले, आणि भिडूला दुसरी पाळी मिळण्याची हमी दिली. सहा-सात पॉइंटांची विखुरलेली, कोणत्याही रंगात लांबी नसलेली पाने घेऊन निष्कारण एक बिनहुकूम म्हणणारा खेळाडू ही मिळालेली सवलत वाया घालवितो. पासचे दुसरे, अधिक खोल रूप निगेटिव्ह डबलमुळे अस्तित्वात आले. प्रतिपक्षाने ज्या रंगाची बोली केली त्याच रंगाची राजा-गुलाम-नव्वी-अठ्ठी-चौकी अशी पाच पाने आपल्याजवळ असतील, तर जुन्या काळी आपण डबल म्हणून दंडाची मागणी केली असती. आज डबलचा अर्थ बदलल्याने तोंड मिटून बसावे लागते, आणि प्रतिपक्षाच्या रंगात तोकडा असलेला भिडू ही शांतता ओळखून स्वतःच्या पाळीला डबल म्हणेल व आपण पुन्हा पास म्हणून ते दंडाचे करू, अशी व्यवस्था आहे. यासाठी भिडूवर एक जबाबदारी येते: प्रतिपक्षाच्या रंगाचे एखाद-दुसरेच पान असता, पाने बेताची असली तरी, डाव मरू द्यायचा नाही. ज्या जोडीत ही जबाबदारी कबूल केलेली नाही तिच्या निगेटिव्ह डबलला मी अर्धवट शिकलेला मंत्र समजतो. दुरुपयोग मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो: दहा-अकरा पॉइंट घेऊन, एकही बोली नेमकी बसत नाही म्हणून पास म्हणणे. अशा माणसाला आपण खोटे बोललो नाही याचे समाधान लाभते. पण तेरा पानांचे वजन जाणूनबुजून लपविणे हे एका पानाच्या खोटेपणापेक्षा मोठे असत्य आहे, कारण भिडू पुढील प्रत्येक निर्णय आपल्याजवळ काही नाही असे धरून करतो.

इतर काही साधनांचा उल्लेख धावताच पुरेल. उत्तर दिलेल्या भिडूच्या मेजरमध्ये आपल्याजवळ तीनच पाने आहेत की चार, हे आडव्या बोलीनंतर सांगण्यासाठी एरिक रॉडवेल यांनी रूढ केलेले सपोर्ट डबल त्या विशिष्ट कोंडीपुरते नामी आहे. भिडूच्या एक बिनहुकुमावर आडवी बोली पडली असता दोन बिनहुकूम म्हणून भिडूला तीन किलवर म्हणावयास लावणारी लेबेन्सोल पद्धती १९७० मध्ये जॉर्ज बोएम यांनी ‘द ब्रिज वर्ल्ड’ मासिकातून लोकांपुढे आणली. गंमत अशी की जिच्या नावावर ती चढली त्या केन लेबेन्सोल्ड यांनी आपण तिचे जनक नसल्याचे सांगितले. ही सारी साधने एक अपुरी जागा बुजवितात आणि शेजारी दुसरी उघडी करतात.

याहून महत्त्वाचा विचार झाँ-रेने व्हेर्न या फ्रेंच लेखकाचा. एकाच डावात दोन्ही पक्षांनी आपापल्या सर्वोत्तम रंगात खेळून केलेल्या हातांची बेरीज ही दोन्ही पक्षांच्या त्या रंगांतील पानांच्या बेरजेइतकी असते, असे निरीक्षण त्यांनी १९६९ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे मांडले, आणि लॅरी कोहेन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकाने ते घराघरांत पोहोचविले. ते प्रत्येक डावात तंतोतंत उतरत नाही, यावर पुढे पुष्कळ वादही झाला. पण आपल्या प्रश्नापुरता त्याचा निष्कर्ष उपयोगी आहे. जेथे भिडूच्या रंगात पाने जुळतात तेथे बळाविषयीचे असत्य स्वस्त पडते, कारण दोन्ही बाजूंना हुकूम भरपूर असले की एखादा हात अधिक निघतोच. जेथे जुळत नाहीत तेथे तेच असत्य फार महाग. भिडूच्या बदामांत चार पाने असता दोन पॉइंट कमी असले तरी खुशाल बोली चढवावी; भिडूच्या रंगात एकच पान असता दोन पॉइंट अधिक असले तरी हात आखडावा. नुसते पॉइंट मोजून अपुरी बोली निवडणारा खेळाडू म्हणूनच नेहमी अर्धेच गणित करतो.

मोबदल्याच्या हिशेबानेही तारतम्य बदलते. एकाच डावावर सर्व जोड्यांची तुलना होणाऱ्या जोडीच्या स्पर्धेत, व्हल्नरेबल असता, म्हणजे दंडाचा दर चढा असता, डबलमध्ये एक हात बुडाला तर २०० गुण जातात, आणि गेमखालच्या साध्या कंत्राटाने प्रतिपक्षाला सहसा इतके मिळाले नसते. म्हणजे बहुतेक टेबलांच्या मागे आपण पडतो. संघांच्या सामन्यात तोच तोटा किरकोळ ठरतो, आणि गेम हुकणे हे खरे नुकसान. म्हणून वर सांगितलेली नऊ पॉइंटांवरची दोन किलवर संघाच्या सामन्यात मी निःशंकपणे म्हणेन. जोडीच्या स्पर्धेत, व्हल्नरेबल असता, थोडा अधिक विचार करीन.

परंतु विचार करण्यातही एक पेच आहे, आणि तो नीतीचा आहे. ज्याच्याजवळ नेमकी बोली असते तो लगेच बोलतो. ज्याच्याजवळ नसते तो थबकतो. आणि दीर्घ थांबून म्हटलेला पास हा भिडूला सांगून जातो की पाने अगदीच रिकामी नाहीत. डुप्लिकेट ब्रिजच्या प्रचलित, २०१७ च्या नियमावलीतील १६ व्या व ७३ व्या कलमांप्रमाणे अशी माहिती अनधिकृत ठरते: विराम घेणे हा गुन्हा नाही, पण त्या विरामावरून भिडूने लाभ उठविणे हा आहे, आणि पंच तसा निवाडा देऊन निकाल फिरवू शकतो. जागतिक स्पर्धांत भिडू एकमेकांस दिसू नयेत म्हणून १९७५ च्या बर्म्युडा बोलपासून टेबलाच्या मधोमध पडदे लावण्यात येऊ लागले, आणि आता बोल्या मुखाने न उच्चारता छापील पत्त्यांनी दाखविल्या जातात. विरार गेल्यावर गर्दीत चार गुडघे जुळवून बसलेल्या चौकडीत पडदा कोठून आणणार? तेथे भुवई, खाकरणे आणि ‘बघतो हं’ यांचीच भाषा चालते. मेंढीकोटात तिला चातुर्य म्हणतात, ब्रिजमध्ये लबाडी. अपुऱ्या बोलीच्या प्रसंगी उत्तम वर्तन म्हणजे, काय बोलायचे याचा विचार आपली पाळी येण्यापूर्वीच, भिडूने डाव उघडला त्या क्षणापासून, करून ठेवणे. प्रतिपक्षाच्या संभाव्य तीन-चार बोल्यांना उत्तरे आधीच तयार असली की थबकावे लागत नाही आणि भिडूही धर्मसंकटात पडत नाही.

पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला जी आठी पडते तिच्याविषयी एक शब्द. १९६८ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविताना, त्यातील दैवाचा अंश ब्रिजच्या पानवाटपातील दैवाच्याच जातीचा असल्याचे म्हटले, आणि त्यापूर्वीच्या १८८७ च्या मुंबई जुगारबंदी कायद्यानेही निव्वळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजला प्रथमच स्थान मिळाले तेव्हा प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार या बंगाली जोडीने पुरुष जोडीचे सुवर्णपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगझोला भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक आणले, आणि त्या संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते. इतके असूनही आपल्या महाराष्ट्रात हा खेळ जिमखान्यांच्या भिंतींपलीकडे फारसा आलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. तीनशेचार खेळणाऱ्या बुद्धीला तो अवघड जाण्याचे कारण नाही आणि साहित्य एका गड्डीपलीकडे काही लागत नाही.

आता साऱ्या मतांचा फैसला करावयाचा तर मला असे दिसते की अपुऱ्या बोल्यांची श्रेणी लावण्याचे जे जे निकष सांगितले जातात, म्हणजे मेजरपेक्षा मायनरविषयी खोटे बोलावे, दोन पानांपेक्षा एका पानाचे बोलावे, उंचपेक्षा खालच्या पायरीवरून बोलावे, जुळलेल्या रंगात बळाचे बोलावे, ते सर्व एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपे आहेत: माझी ही बोली खरी मानून भिडूने जे जे उत्तर देणे संभवते, त्या प्रत्येकावर माझ्याजवळ पुढचा शब्द आहे काय? नऊ पॉइंटांवरची दोन किलवर या कसोटीस उतरते, कारण दोन चौकट आल्यास पास, दोन इस्पिक आल्यास माघार, तीन किलवर आल्यास समाधान, अशी तिची उत्तरे तयार आहेत. तीन बदामांवरचे डबल तीन इस्पिकच्या पानांसह तिच्यावर उतरत नाही, दोन इस्पिकच्या पानांसह उतरते. म्हणून बदामाच्या तीन चांगल्या पानांवर डबल म्हणणाऱ्या भिडूबरोबर, त्याने आधी इस्पिक मोजली असतील तर, मी आनंदाने खेळेन. दोन बदामांवर, ‘दुसरे काही सुचले नाही’ म्हणून, डबल म्हणणाऱ्याबरोबर मात्र डहाणूपासून पालघरपर्यंतही नाही.